क्लचचे ऑईल सारखे उतरते? आधी गळती शोधा

सोयाबीनचा हंगाम आला की किन्हीराजा (ता. मालेगाव, जि. वाशीम) परिसरातील जुन्या पिकअप गाड्यांना उसंत नसते. मालेगाव, वाशीम, कारंजा येथील बाजारात पोती पोहोचवायची आणि परतीचे भाडे शोधायचे. अशा दिवसांत गाडी उभी राहिली की भाडे दुसऱ्याकडे जाते. म्हणून क्लचचे पेडल ढिले पडताच पुष्कळ गाडीमालक डबीत ऑईल ओततात, पेडल चार-सहा वेळा दाबतात आणि निघतात. ही सवय महागात पडते.

केबलच्या क्लचला हा त्रास नसतो. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलजवळचा मास्टर सिलिंडर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत 'अप्पर', ऑईल पुढे ढकलतो आणि गिअरबॉक्सजवळचा 'लोअर' क्लचचा फोर्क हलवतो. गळती झाली की हवा शिरते, हवा दाबली जाते आणि क्लच पूर्ण सुटत नाही. गिअर करकरतो, विशेषतः रिव्हर्स. तसेच गाडी पुढे रेटत राहिल्यास गिअरचे दाते झिजतात. मग शेकड्यांचे काम हजारांवर जाते.

गळती शोधायला यंत्र लागत नाही. पेडलच्या मागची बाजू, पायाखालची चटई ओली असेल तर अप्पर दोषी. लोअरचा रबरी बूट मागे सारून पाहावा. आत ओल दिसली तर वॉशर गेला. होज पाईपही वाकवून पाहावा. काही गाड्यांत लोअर गिअरबॉक्सच्या आत असतो. तेथे गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

खरा प्रश्न पुढेच आहे. केवळ किट टाकावे की सिलिंडर बदलावा? पिस्टन काढून आतील भिंत पुसावी आणि उजेडात पाहावी. ती गुळगुळीत असेल तर किट पुरते. गंजाचे खड्डे किंवा नखाला लागणारा ओरखडा असेल, तर नवे वॉशर थोड्याच दिवसांत कापले जातात. पॉलिश पेपर मारून वेळ निभावणारे मिस्त्री आहेत. पण ग्राहक पुन्हा दारात येतो, तोही रागावून. जुना सिलिंडर ग्राहकाच्या हातात देऊन दाखवावा, म्हणजे वाद होत नाही.

'ब्रेक ऑईल' हे नावच फसवे आहे. ते इंजिन ऑईलसारखे खनिज तेल नव्हे. इंजिन किंवा स्टिअरिंगचे ऑईल ओतल्यास रबर फुगते आणि अप्पर-लोअर दोन्ही निकामी होतात. डबीवर लिहिलेले डॉट ३ किंवा डॉट ४ तेवढेच वापरावे. ते हवेतील ओल शोषते. म्हणून उघडा राहिलेला जुना डबा नको. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

एअर काढायला दोन माणसे हवीत. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निप्पल सैल करून बुडबुडे जाऊ द्यावेत आणि पेडल सोडण्यापूर्वी निप्पल कसावे. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे; मधे डबी रिकामी होऊ देऊ नये. काही गाड्यांत ब्रेक व क्लचची डबी एकच असते, तेथे ही पातळी दुप्पट जपावी. काम झाल्यावर डबीवर खूण करावी आणि आठवडाभर रोज सकाळी पाहावी.