पाण्याबरोबर सगळेच खाली जाते का?

अंबड तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात संडास परसाच्या पार टोकाला होता. आधी न्हाणी, मग शेवग्याचे झाड, मग गोठा आणि त्याच्याही पलीकडे ते पत्र्याचे दार. पावसाळ्याच्या रात्री एका हातात कंदील, दुसऱ्या हातात टमरेल घेऊन तिथवर जायचे म्हणजे आम्हा पोरांच्या जिवावर येई. एवढ्या लांब कशाला बांधला, असे विचारले की आजी म्हणायची, "मग काय चुलीपाशी बांधायचा?" त्या उत्तरात सोवळ्याओवळ्याचा भाग मोठा होता. आणि तो साफ कोण करतो याचा विचार घरात कोणी फारसा करत नसे, हेही कबूल केले पाहिजे.

पुढे जालन्यात फ्लॅट घेतला. संडास आणि न्हाणीघर एकत्र, आणि तेही आईच्या खोलीला लागून. आईचे गुडघे गेले तेव्हा तिच्यासाठी कमोड बसवला. ती पहिल्यांदा आत डोकावली आणि म्हणाली, "कामून रे बाबा, दात घासायचं अन् हे, एकाच खोलीत?" आम्ही सगळे हसलो. बेसिनवरच्या पेल्यात आमचे पाच ब्रश उभे होते, कमोडपासून जेमतेम दोन हातांवर.

मागच्या पावसाळ्यात चार वर्षांच्या नातवाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तीन दिवस सूनबाई त्याला उचलून कमोडवर नेत होती. चौथ्या दिवशी आई आडवी झाली. ऐंशीच्या वयात जुलाब म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आहे त्यांना सांगायला नको. दोन दिवस सलाईन लावावे लागले. तिने नातवाला भरवले नव्हते, जवळ घेतले नव्हते. डॉक्टरांनी विचारले, "संडास एकच आहे का? फ्लश करताना झाकण लावता का?" झाकण? ते तर आम्ही बसवले त्या दिवसापासून मागे टेकवून ठेवले होते.

आईला लागण नेमकी कशाने झाली, हे आज कोणी सांगू शकणार नाही. नळाची तोटी असेल, दाराची कडी असेल, एखाद्याचा न धुतलेला हात असेल. डॉक्टरही म्हणाले, "आधी साबणाने हात, बाकीचं नंतर." पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, म्हणून मी वाचायला बसलो.

आपली समजूत अशी की, बटण दाबले, पाणी गेले, त्याबरोबर घाणही गेली. पण पाण्याचा लोट भांड्यात आदळतो तेव्हा त्यात हवा मिसळते, बुडबुडे उठतात, फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा बारीक थेंब वर उडवतो. मोठे थेंब बैठकीवर, फरशीवर पडतात. अगदी सूक्ष्म असतात त्यांतले पाणी हवेतच सुकते आणि उरलेला कण तरंगत राहतो. शास्त्रज्ञांना हे 1950 च्या दशकापासून ठाऊक आहे. 1975 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गेर्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमोडमध्ये मुद्दाम जंतू आणि विषाणू सोडून फ्लश केला. थेंब न्हाणीघरभर जाऊन बसलेले आढळले. इतकेच नव्हे, तर पुन्हा पुन्हा फ्लश करूनही काही जंतू भांड्यात शिल्लकच राहिले. म्हणजे पुढच्या माणसाचा फ्लश आदल्या आजाऱ्याचा अंश पुन्हा उडवतो.

2022 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या अभियंत्यांनी हिरव्या लेसरच्या उजेडात हा फवारा सर्वांना दाखवला. आठ सेकंदांत कण कमोडच्या वर दीड मीटरपर्यंत चढले होते. अर्थात तो सार्वजनिक इमारतींतला, जोरकस दाबाचा, बिनझाकणाचा कमोड होता; आपल्या घरची टाकी तेवढी आक्रस्ताळी नसते.

मग झाकण लावले की झाले? इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी 2012 मध्ये जुलाब घडवणारा एक जंतू घेऊन पाहिले, तेव्हा झाकण उघडे असताना हवेत तो बारापट सापडला. पण 2024 मध्ये त्याच गेर्बांच्या चमूने विषाणू घेऊन प्रयोग केला आणि झाकणाने आसपासच्या दूषित होण्यात फारसा फरक पडत नाही, असे सांगितले. फटीतून ते निसटतातच. जंतुनाशक टाकून ब्रशने भांडे घासले तेव्हा मात्र विषाणू खूप कमी झाले. त्या अभ्यासात जंतुनाशके विकणाऱ्या कंपनीचे माणूसही होते, हे ध्यानात ठेवून वाचावे. तरी घरात आजारी माणूस असताना भांडे घासावे, हे सांगायला कंपनी कशाला हवी?

या वाचनात मला सर्वांत अस्वस्थ केले ते हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीने. मार्च 2003 मध्ये सार्सची बाधा झालेला एक माणूस तिथे भावाकडे उतरला. त्याला जुलाब होत होते. पुढे त्या वसाहतीतले तीनशेहून अधिक लोक आजारी पडले. अनेक न्हाणीघरांतल्या फरशीच्या जाळीखालचे पाणी सुकलेले होते, आणि एक्झॉस्ट पंख्यांनी मैल्याच्या पाइपातली हवा घरात ओढली, असे तपासात निघाले.

ते जाळीखालचे भांडे म्हणजे आपला प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतो तो. त्यात चार बोटे पाणी साचून राहते, म्हणून गटाराची हवा वर येत नाही. तेवढे पाणीच पहारेकरी! आणि आम्ही कुठले, तर जालन्याचे. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. टँकरच्या पाण्याचा हंडा मोजून वापरला. धुण्याचे पाणी संडासाला, भाजीचे झाडाला, ही आमची शिस्त. वैशाखात आठ-पंधरा दिवस गावी जाऊन परत आलो की न्हाणीघरातून कुबट वास येई आणि आम्ही उदबत्ती लावत असू! ट्रॅप कोरडा पडला आहे, हे डोक्यात आलेच नाही.

आता घरात थोडे बदल झाले. ब्रश स्वयंपाकघराच्या खिडकीत गेले. झाकण खाली असते; नातू ते आपटतो, पण लावतो. न्हाणीघराची खिडकी उघडी राहते. धुण्याचे पाणी संडासात टाकताना बादली छातीशी उचलून धबकन ओतायची माझी सवय होती, ती मोडतो आहे. पाणी मात्र तेवढेच लागते. काटकसर आणि स्वच्छता यांचे भांडण इथे कायमचेच.

दिवाळीनंतर आई महिनाभर गावी गेली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तब्येत, मोसंबीचा भाव, पाहुणेरावळे सगळे झाले आणि ठेवता ठेवता म्हणाली, "माझ्या खोलीपाशी कोणी वापरत नसंल ना आता? मग त्या जाळीत तांब्याभर पाणी टाकत जा बाबा."

मी तांब्या शोधायला उठलो.