नदी शेजाऱ्याची, तारा आपल्या

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांमधून पहिल्यांदा बांगलादेशात पोहोचली. तिन्ही देशांच्या मंत्र्यांनी पडद्यावर हजर राहून तिचं उद्घाटन केलं. हा पुरवठा एका दिवसाचाच होता. करार दरवर्षीच्या १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढ्याच काळाचा, आणि सही व्हायला ऑक्टोबर उजाडलेला. पुढची वीज गेली ती जून २०२५ मध्ये.

आपल्या कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट. तिच्या पन्नासाव्या हिश्शाएवढ्या विजेसाठी तीन सरकारं कित्येक वर्षं बोलत होती. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये सिलिगुडीपाशी भारताची जेमतेम वीस-बावीस किलोमीटरची पट्टी आहे. पण वीज त्या पट्टीतून जात नाही. ती नेपाळातल्या ढल्केबरहून बिहारमधल्या मुझफ्फरपूरला येते, तिथून भारताच्या जाळ्यातून बंगालमधल्या बहरामपूरला आणि मग सीमेपलीकडच्या भेडामाऱ्याला. दर युनिटला ६.४ अमेरिकी सेंट. नदी नेपाळची, गिऱ्हाईक बांगलादेशी, आणि मधली प्रत्येक तार भारताची. हिमालयाच्या पायथ्याच्या देशांमधलं आर्थिक सहकार्य समजून घ्यायचं, तर या मधल्या तारेपासूनच सुरुवात करावी लागते.

निसर्गाने या व्यवहाराची सोय आधीच करून ठेवली आहे. पावसाळ्यात हिमालयातल्या नद्या दुथडी भरून वाहतात, तेव्हा नेपाळ-भूतानकडे वीज उरते. त्याच महिन्यांत गंगेच्या खोऱ्यात उकाड्याने मागणी चढलेली असते. हिवाळ्यात उलटं. नद्या आटतात, डोंगरातली घरं मात्र गारठलेली असतात, आणि भूतानसारखा वीज विकणारा देशही भारताकडून वीज विकत घेतो. देवघेव दोघांच्याही सोयीची आहे. प्रश्न असतो तो अटींचा.

त्या अटी सुरुवातीला किती उदार होत्या, हे चुखा प्रकल्पात दिसतं. मार्च १९७४ मध्ये भारत आणि भूतान यांनी वांगछू नदीवरच्या ३३६ मेगावॉटच्या या प्रकल्पाचा करार केला. हीच नदी खाली बंगालमध्ये रायडाक म्हणून ओळखली जाते. भूतानकडे तेव्हा एवढं काम उभं करण्याइतके पैसेही नव्हते आणि तंत्रज्ञही. सगळा खर्च भारताने केला. त्यातला ६० टक्के भाग अनुदान. उरलेलं ४० टक्के कर्ज, ५ टक्के व्याजाने, पंधरा वर्षांत फेडायचं. भूतानची गरज भागून उरेल ती वीज भारताने घ्यायची. १९८६ ते १९८८ दरम्यान चारही जनित्रं सुरू झाली आणि भूतानच्या सरकारी तिजोरीला पहिल्यांदाच स्वतःचा भरवशाचा मिळकतीचा मार्ग मिळाला. पुढे १,०२० मेगावॉटचा ताला प्रकल्पही याच ६०-४० च्या वाटणीने झाला.

चुख्याचं मोल त्याच्या मेगावॉटमध्ये मोजता येत नाही. भांडवल मोठ्या देशाचं, मालकी छोट्या देशाची, आणि माल घेण्याची हमी पहिल्या दिवसापासून लिखित. दोन शेजाऱ्यांमध्ये इतका स्वच्छ व्यवहार दक्षिण आशियात क्वचितच झाला असेल.

मग वाटणी फिरली. २००९ मध्ये दोन्ही देशांनी २०२० पर्यंत १०,००० मेगावॉटचं लक्ष्य ठरवलं. आकडा मोठा झाला तसा अनुदानाचा हिस्सा आकसला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ७२० मेगावॉटच्या मांगदेछू प्रकल्पात अनुदान ३० टक्के, कर्ज ७० टक्के, व्याज १० टक्के. तो सुदैवाने नीट पार पडला. वीज ४ रुपये १२ पैसे युनिटने विकली जाऊ लागली. पुनात्सांगछू-१ मात्र खचला, आणि तोही शब्दशः. १,२०० मेगावॉटच्या या प्रकल्पाचं काम २००८ मध्ये सुरू झालं. २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या काठाचा डोंगर सरकला. सुमारे ३,५०० कोटींचा मूळ अंदाज ९,००० कोटींच्या पुढे गेला. तिथे धरणच बांधायचं की दुसरीकडे कमी उंचीचा बंधारा घालायचा, यावर दोन देशांचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं एकमत करू शकले नाहीत. धरणाचं काम पुन्हा हाती घ्यायचं ठरलं ते अलीकडे. तोवर एक युनिटही वीज निघाली नाही, व्याज मात्र चढत राहिलं. आठ लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या देशाला डोंगर सरकण्याची किंमत आपल्या वहीत लिहून घ्यावी लागते, आणि हे न्याय्य नाही. जोखीम वाटून घेण्याची ताकद ज्याच्याकडे जास्त, त्याने तिचा वाटाही जास्त उचलला पाहिजे. १९७४ चा करार लिहिणाऱ्यांना हे कळलं होतं.

नेपाळची गोष्ट अविश्वासापासून सुरू होते. कोसी (१९५४) आणि गंडक (१९५९) या करारांत आपल्या वाट्याला फार थोडं आलं, ही भावना तिथे घट्ट रुजली आहे. १९९१ मध्ये टनकपूर बंधाऱ्याच्या समझोत्यावरून काठमांडूत वादळ उठलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नैसर्गिक संपत्तीच्या व्यापक परिणाम करणाऱ्या वाटपाला संसदेचं दोन तृतीयांश बहुमत हवं, ही नेपाळच्या १९९० च्या संविधानातली अट त्यानंतर प्रत्येक वाटाघाटीवर उभी राहिली. १९९६ चा महाकाली करार त्या बहुमताने मंजूर झाला. त्यातलं पंचेश्वर धरण अजून कागदावरच आहे.

एवढ्या नद्यांच्या देशात २००८-०९ च्या हिवाळ्यात दिवसाला सोळा तासांपर्यंत भारनियमन होतं. ते हटवायला २०१६ पासून मदत झाली ती ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनीतून येणाऱ्या भारतीय विजेची. नेपाळचे स्वतःचे प्रकल्प उभे राहिले तसा तिच्यातला प्रवाह पावसाळ्यात उलटा वाहू लागला. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट घेण्याचा करार झाला. पण ज्या केंद्रात चिनी गुंतवणूक किंवा चिनी ठेकेदार आहे, त्याची वीज भारत घेत नाही. भारताच्या सुरक्षेचा विचार इथे समजण्यासारखा आहे. तरी नेपाळी उद्योजकाला पहिला दगड रचण्याआधी दिल्लीची मर्जी पाहावी लागते, हेही खरं.

बांगलादेशाबाबतीत पारडं एकदा उलटं झुकलं होतं. त्रिपुरात नैसर्गिक वायू होता, पालाटाण्याला ७२६ मेगावॉटचं केंद्र उभारायचं होतं, पण अजस्र यंत्रं आसामच्या घाटरस्त्यांनी आगरतळ्याकडे नेणं अशक्यप्राय होतं. इथे वाट बांगलादेशाच्या हातात होती, आणि त्याने ती दिली. यंत्रं बंगालमधून जलमार्गाने आशुगंज बंदरात आली आणि तिथून अवजड वाहनांवर आखाउडामार्गे त्रिपुरात. त्यासाठी तितास नदीवर भराव घालून तात्पुरते रस्ते केले गेले. प्रवाह अडला, शेतकरी-मच्छीमारांना त्रास झाला, ढाक्यात टीकेची झोड उठली. एका देशाच्या वीजकेंद्राची झळ दुसऱ्या देशाच्या नदीकाठाने सोसली. त्या उपकाराची परतफेड मार्च २०१६ मध्ये झाली: त्रिपुरातून कुमिल्ल्याकडे १०० मेगावॉट वीज सुरू झाली, आणि त्याच दिवशी कॉक्स बाजारच्या समुद्री केबलमधून त्रिपुराला इंटरनेट मिळालं.

त्याच वर्षाच्या अखेरीस भारताने सीमापार वीजव्यापाराचे नियम काढले ते मात्र आखडत्या हाताचे. शेजाऱ्यांनी आपसात वीज विकावी याला त्यांत जागाच नव्हती. भूतान आणि नेपाळ सतत नाराजी कळवत राहिले. डिसेंबर २०१८ मध्ये नियम बदलले आणि भारताच्या जाळ्यातून तिसऱ्या देशाला वीज नेण्याची मुभा मिळाली. नेपाळच्या ४० मेगावॉटची वाट खऱ्या अर्थाने त्या दिवशी मोकळी झाली.

आता भांडवलाचं रूपही बदलतं आहे. १९१५ साली खोपोलीत जलविद्युत केंद्र सुरू करणारी मुंबईची टाटा पॉवर २०२४ मध्ये भूतानच्या ६०० मेगावॉटच्या खोर्लोछू प्रकल्पात ४० टक्के भागीदार झाली. ६० टक्के भूतानच्या सरकारी कंपनीकडे राहिले. अनुदानाचा काळ मागे पडून भागभांडवलाचा आला आहे. यात डोंगर सरकला तर तोट्याचा वाटा दोघांनाही उचलावा लागेल, आणि भूतानच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा आहे.

अडचण उरते ती तारांची. भेडामाऱ्याच्या केंद्रातून एका वेळी १,००० मेगावॉटच जाऊ शकतात, आणि त्यातला बहुतेक वाटा भारतीय विजेच्या जुन्या करारांनी व्यापलेला आहे. नेपाळला ४० चे ४०० मेगावॉट करायचे असतील, तर नवी वाहिनी लागेल. बिहारमधल्या कटिहारहून बांगलादेशातल्या पार्बतीपूरमार्गे आसामच्या बोरनगरपर्यंत ७६५ किलोव्होल्टची अशी वाहिनी आखलेली आहे. तिच्यावर दोन्ही सरकारांची बोलणी झाली आहेत. वाहिनी अजून उभी राहिलेली नाही.