जावळीच्या वाटांना झेपेल अशी चासी

स्ट्रॉबेरीच्या हंगामात मेढ्याच्या बाजारपेठेत थोडा वेळ थांबलं, की हलक्या ट्रकांचे सगळे नमुने पाहायला मिळतात. बोलेरो पिकअप, टाटा ४०७, छोटा हत्ती. केळघरचा घाट या गाड्या भरल्या वजनानं चढतात-उतरतात आणि पाटे बदलणाऱ्या मिस्त्रीला त्यांची सगळी दुखणी तोंडपाठ असतात. डोंगरातल्या मुक्कामासाठी छोटा कॅम्पर बांधायचा, तर त्याचा पाया यांच्यातूनच निवडावा, असं माझं ठाम मत आहे. कांदाटी खोऱ्यात गाडी बंद पडली, तर जिचा क्लच साताऱ्यात हातोहात मिळतो तीच गाडी खरी.

यांतली जुनीजाणती ४०७. ऐंशीच्या दशकात टोयोटा, मित्सुबिशी, माझदा आणि निस्सान या चार जपानी कंपन्यांचे हलके ट्रक भारतीय भागीदारांमार्फत आपल्या बाजारात उतरले. टाटांच्या टेल्कोनं १९८६ साली स्वतःच्या घडणीची ४०७ आणून त्यांना तोंड दिलं. ती चौघांनाही पुरून उरली. चासी दणकट, आखूड मॉडेलचा व्हीलबेस २,९५५ मिलिमीटर, मागे जोडचाकं. वजन पेलण्यात तिला तोड नाही. पण जोडचाकांची अडचण चिखलात कळते. पुढच्या चाकानं पाडलेल्या चाकोरीत मागची जोडी नीट बसत नाही, तिला नवी वाट कापावी लागते आणि दोन टायरांच्या फटीत दगड अडकून टायरची कड फाटते. ऑस्ट्रेलियात इसुझूच्या फोर-बाय-फोर ट्रकवर कॅम्पर बांधणारे म्हणूनच मागची जोडी काढून एकच रुंद टायर बसवतात. डांबर न सोडणाऱ्या कुटुंबानं ४०७ खुशाल घ्यावी. जांभ्याच्या ओल्या उतारावर मात्र मी ती सुचवणार नाही.

गाडी घेणारा पहिल्यांदा फोर-बाय-फोरबद्दल विचारतो. त्याआधी पीळ समजून घ्यायला हवा. पिकअप तिरपी होऊन ओढ्यात उतरत असताना तिच्या बाजूला उभं राहून केबिन आणि हौदा यांच्यामधली फट पाहावी. पुढचं डावं चाक दगडावर चढतं, मागचं उजवं खड्ड्यात जातं आणि ती फट वर अरुंद, खाली रुंद किंवा एका बाजूला सरकलेली दिसू लागते. केबिन एकीकडे कलते, हौदा दुसरीकडे. यात बिघाड काही नाही. चासीचे दोन लांब गज एका बाजूनं उघडे असलेले पोलादी चॅनेल असतात. वजनाखाली ते वाकत नाहीत, पण पिळले जातात, आणि त्या पिळामुळेच चारही चाकं जमिनीला धरून राहतात.

आता याच चासीवर घराचं ताठ खोकं सगळीकडून बोल्ट मारून आवळलं, तर खोकं चासीला पिळू देत नाही आणि चासी खोक्याला स्वस्थ बसू देत नाही. आधी दार अडकतं, मग खिडकीच्या कोपऱ्यात चीर जाते, शेवटी वेल्डिंग सुटतं. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीसाठी घडवलेल्या उनिमोगनं यावर मोजक्या ठिकाणी टेकलेल्या बॉडीचा मार्ग दाखवला. खोक्याखाली वेगळी उपचौकट घ्यायची आणि ती चासीवर तीन किंवा चार ठिकाणीच टेकवायची. त्यातले काही टेकू फिरते ठेवायचे, म्हणजे खाली चासी पिळली तरी वरचं घर सरळ राहतं. केबिनमधून मागे जायला वाट हवी असेल, तर मध्ये रबरी भाता बसवायचा. बॉडी बिल्डरला हे पटवून देणं हेच सगळ्यांत चिवट काम आहे, कारण त्याचा हात हौदा घट्ट आवळण्यावर बसलेला असतो.

पिळाचा प्रश्न सुटला, की माझं बोट बोलेरो कॅम्पर किंवा पिकअपच्या फोर-बाय-फोर मॉडेलवर जातं. कॅम्परचा व्हीलबेस ३,०१४ मिलिमीटर, इंजिन अडीच लिटरचं. मागे जोडचाकं नाहीत, त्यामुळे चाकोरी एकच. लो गिअरमध्ये टाकून घाट उतरताना ब्रेकवर फारसा पाय ठेवावा लागत नाही, आणि पावसाळ्यात हे फार मोलाचं आहे. फोर्सची गुरखा वाटेबाहेर याहून सरस, तिच्या दोन्ही एक्सलना डिफ-लॉक आहेत. पण तिच्यावर घर बांधता येत नाही, तिच्या आत झोपावं लागतं. दोघांना ते चालत असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही.

बाकीच्यांनी वजनाचा हिशोब करावा. या वर्गातल्या गाडीला साधारण टनभर ओझं झेपतं आणि टन फार लवकर भरतो. आठ बाय चार फुटांचा दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा सुमारे ४७ किलो, तेवढाच ॲल्युमिनियमचा १६. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडचा एक ताव तीस किलोच्या पुढे. सागवानी कपाटांचा मोह तिथेच सोडावा. उभं राहता येईल इतकं उंच खोकं घेतलं, तर गुरुत्वमध्य वर जातो आणि कासच्या बाजूच्या झाडांच्या फांद्या छपराला घासतात. उचलून घडी होणारं छप्पर बरं.

कागदपत्रं आधी बघावीत. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. त्याप्रमाणे बांधणारा बिल्डरच गाठावा. राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्यानं जंगलात कुठेही मुक्कामाची मुभा मिळते असं नाही. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि कोयनेचं अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं.

नवी चासी ताब्यात आली, की बॉडी चढण्याआधी ती वजनकाट्यावर न्यावी आणि पुढचा-मागचा एक्सल वेगवेगळा तोलून आकडे लिहून ठेवावेत. काम संपल्यावर टाकी भरून, पाणी भरून, घरची माणसं बसवून पुन्हा तोलावं. मागच्या एक्सलचा आकडा कंपनीनं दिलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर पाटे वाढवू नयेत. पाण्याची टाकी पुढे सरकवावी, नाहीतर कपाट काढावं. बामणोलीच्या तराफ्यावर गाडी चढवायची असेल, तर तिथेही पहिला प्रश्न वजनाचाच असतो.