माथेरान की महाबळेश्वर?

सह्याद्रीच्या माथ्यावर चार दिवस घालवू पाहणाऱ्या मराठी कुटुंबापुढे माथेरान की महाबळेश्वर हा प्रश्न नेहमीच उभा राहतो आणि त्याचा निकाल बहुधा खोलीच्या भाड्यावर किंवा प्रवासाच्या तासांवर लावला जातो. ही दोन्ही गावे इंग्रजी अमदानीत गिरिस्थान म्हणून, म्हणजे उन्हाळ्याचा ताप टाळण्यासाठी डोंगरमाथ्यावर वसवलेली वस्ती म्हणून, नावारूपाला आली हे खरे. परंतु एकाचा लिखित इतिहास जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा आणि दुसऱ्याचा अनेक शतकांचा असल्यामुळे निवड करण्यापूर्वी हा फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

सुमारे 800 मीटर उंचीचे माथेरानचे पठार आदिवासी आणि धनगर यांच्या परिचयाचे होते. तथापि ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये तेथे पोहोचले आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी त्यात रस घेतला, तेव्हापासून तेथे बंगले उभे राहू लागले. गावाला खरा आकार दिला तो नेरळहून वर येणाऱ्या छोट्या रेल्वेने. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली 1904 ते 1907 या काळात बांधलेल्या या सुमारे 21 किलोमीटरच्या मार्गाचे गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर, केवळ 610 मिलिमीटर असून काही ठिकाणी वीस फुटांच्या धावेत एक फूट इतका चढ असल्याने गाडी डोंगराला वळसे घेत अतिशय संथपणे चढते. हा संथपणा उणीव मानू नये. माथेरानची सुटी नेरळलाच सुरू होते ती त्याच्यामुळे.

मोटारी गावाबाहेर दस्तुरी नाक्याशी थांबतात. केंद्र सरकारने 2003 मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला, त्यामुळे बांधकामावर आणि वाहनांवर निर्बंध आले. आजही जांभ्या दगडाच्या तांबड्या धुळीच्या वाटांवरून मुख्यतः पायी किंवा घोड्यावरून फिरावे लागते आणि संध्याकाळपर्यंत पावलांपासून पोटरीपर्यंत तोच तांबडा रंग चढलेला असतो. मात्र या शांततेची किंमत दीर्घकाळ हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांनी चुकवली, हे सांगितल्यावाचून माथेरानचे वर्णन प्रामाणिक होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तो स्वागतार्हच आहे.

महाबळेश्वरचा पट याहून फार मोठा आहे. सुमारे 1,370 मीटर उंचीवरील आजची बाजारपेठ मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळातली असून, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी 1829 मध्ये झालेल्या करारानुसार वाईजवळील खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा कंपनी सरकारने मिळवली आणि तिला माल्कम पेठ असे नाव पडले. वेण्णा तलावही सातारच्या गादीनेच 1842 मध्ये बांधवला. नौकाविहारासाठी तेथे रांगा लावणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, असा प्रश्न पडतो.

बाजारपेठेपासून सुमारे सहा किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर आहे आणि या स्थळाचा गाभा तोच आहे. येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे पाणी एकत्र येऊन गोमुखातून कुंडात पडते, अशी श्रद्धा आहे. या श्रद्धेला भूगोलाचाही आधार मिळतो, कारण हा माथा जलविभाजक आहे, म्हणजे येथे पडणाऱ्या पावसाचा काही भाग पूर्वेकडे तर काही पश्चिमेकडे वाहतो: सावित्री महाडवरून अरबी समुद्राला मिळते, तर पूर्वेकडे निघालेल्या कृष्णेला वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीस आणि कोयना कऱ्हाडास पुन्हा भेटते. जवळच्या कृष्णाबाईच्या काळ्या दगडी मंदिरात गोमुखातून अखंड झरणारे पाणी, शेवाळलेले चिरे आणि समोर उघडणारे कृष्णेचे खोरे पाहण्यास तुलनेने फारच थोडे लोक थांबतात. याच क्षेत्री शिवाजी महाराजांनी 1665 मध्ये सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी जिजाबाईंची सुवर्णतुला केली.

पश्चिमेकडे खाली जावळीचे खोरे आहे. मोरे घराण्याकडून ते 1656 मध्ये जिंकल्यावर महाराजांनी प्रतापगड बांधवला आणि त्याच्याच पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफजलखानाचा वध झाला. मुंबई पॉइंटसारख्या एखाद्या कड्यावरून ते दाट, खोल रान एकदा नजरेखाली घातले की खानाच्या अवजड फौजेला येथे उतरवण्यामागची योजना पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट होते. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जुलै 2025 मध्ये समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत प्रतापगडही आहे.

तेव्हा दोनच दिवस हाताशी असतील आणि विश्रांती हाच हेतू असेल, तर माथेरान निःसंशय सरस ठरते. फक्त गुडघेदुखीच्या वडीलधाऱ्यांची सोय आधी पाहावी आणि पावसाळ्यात नेरळची गाडी बंद ठेवून केवळ दस्तुरी नाक्याजवळचे अमन लॉज स्थानक ते माथेरान एवढीच फेरी चालवली जाते, हे लक्षात असू द्यावे. चार दिवस आणि शाळकरी मुले बरोबर असतील तर महाबळेश्वर निवडावे, परंतु एका दिवसात डझनभर पॉइंट उरकण्याचा वाहनचालकाचा बेत नाकारून एक सकाळ क्षेत्रासाठी आणि एक पूर्ण दिवस प्रतापगडासाठी राखावा. जून ते सप्टेंबर येथे इतका प्रचंड पाऊस आणि दाट धुके असते की कड्यावर उभे राहूनही खोरे दिसत नाही, म्हणून जावळी पाहायची असेल तर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा.