भंगारांतील पोलादाची पारख

भंगारांतील तुकडा पोलादी कीं नरम लोखंडाचा, हें नुसत्या डोळ्यांस कळत नाहीं. आणि नरम लोखंडाच्या विळ्यास कितीही पाणी दिलें तरी धार टिकत नाहीं. मोटारीच्या कमानीचा पाटा बहुधा पोलादी. वाटेल त्या सळईचा मात्र भरंवसा धरूं नये. कुरुंदाच्या फिरत्या चाकावर तुकडा धरावा. ठिणग्यांस दाट फांटे फुटल्यास कर्ब अधिक, विरळ फुटल्यास कमी. पण केवळ ठिणग्यांवर नवशिक्यानें विसंबूं नये, असें आमचें मत आहे. टोंक लोहचुंबकास चिकटेनासें होऊन किंचित् अधिक तापेपर्यंत भट्टींत ठेवावें, पाण्यांत बुडवावें, मग कानस चालवावी. कानस घसरली तर पोलाद; चावली तर तुकडा खुंट्यांकडे लावावा. जस्ताचा मुलामा असलेलें लोखंड भट्टींत घालूंच नये. त्याच्या धुरानें ताप भरतो.