रेलाचा ठेका आणि मेंदूचा ताल

भामरागड-एटापल्लीकडच्या शिक्षकांना माडियांचा रेला नाच नवा नाही. हात गुंफलेली रांग एका ठेक्यावर पावले टाकते. मोजून ताल देणारा कोणी लागत नाही. शेजारच्या हाताचा झोका आणि गाण्याचा सूर पुरतो.

आपल्या मेंदूतही ताल देणारा एकच मास्तर नसतो. तेथे सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. जवळच्या पेशी एकमेकींशी दाट जोडलेल्या असतात, त्यांचे घोळके बनतात. दूरच्या घोळक्यांमधील दुवे मात्र विरळ. घोळक्याच्या आत ताल लवकर जुळतो. दोन घोळके बरोबर चालतील, आळीपाळीने की आपापले, हे मधल्या दुव्यांवर ठरते.

मैदानावर हे करून पाहता येईल. मुलांचे दोन गट ८५ मीटर अंतरावर उभे करा. प्रत्येक गटाने सेकंदाला दोन अशा टाळ्या द्याव्यात. मग डोळे मिटून दुसऱ्या गटाच्या टाळीशी आपली टाळी जुळवावी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे टाळी पाव सेकंद उशिरा पोहोचते. दोन्ही गटांना वाटेल, आपले जमले! पण मैदानाच्या मध्यावर उभ्या असलेल्या मुलाला टाळ्या आळीपाळीने, सेकंदाला चार ऐकू येतील. (पहिल्या खेपेला गोंधळच होतो. धीर धरावा.) गट जवळ आणा, टाळ्या एक होतील. मुले तीच, दुवाही तोच. फक्त उशीर कमी झाला.

दुव्याचा स्वभावही महत्त्वाचा. एक घोळका दुसऱ्याला चेतवण्याऐवजी दाबत असेल, तरीही आळीपाळी येते. चालताना डावा-उजवा पाय पाळीने उचलला जातो, त्यामागे मज्जारज्जूतील असेच दुवे आहेत.

ताल जुळणे नेहमी हिताचेच असे नाही. फेफऱ्यात असंख्य पेशी एकदम चेततात आणि ही लाट दुव्यांवरून पसरते. मेंदूचे दोन्ही अर्धगोल सुमारे २० कोटी तंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात. गाठीमुळे हा पट्टा खराब झालेल्या रुग्णाचे झटके कमी झाल्याचे अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम व्हॅन वॅगनेन यांच्या ध्यानात आले. मग काही रुग्णांत त्यांनी तो पट्टाच कापला आणि १९४० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींचे झटके एकाच बाजूपुरते राहिले, शुद्धही हरपेनाशी झाली.

आश्रमशाळेत एखाद्या मुलीला झटका आला की ‘अंगात आले’ म्हणणारे भेटतात, कांदा किंवा चप्पल हुंगवणारेही. तिला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर गाडी बोलावून दवाखान्यात न्यावे.