घरच्या पोस्टग्रेसला बाहेरून जोडताना

घरातल्या रास्पबेरी पायवर पोस्टग्रेस झकास चालतं, पण शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून जोडायला गेलं की अडतं. अशा वेळी सेटिंग बदलायची घाई करू नका. आधी एरर नीट वाचा, निम्मं उत्तर तिथेच असतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं, तर बहुतेक वेळा निरोप मशीनपर्यंत पोचलाय, पण ५४३२ पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवरच ऐकतं. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'लिसन अ‍ॅड्रेसेस'च्या ओळीत सर्व्हरचा घरातला आयपी घाला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. इथे नुसतं रीलोड पुरत नाही, आणि बरेच जण इथेच तासन् तास अडकतात!

बराच वेळ काहीच न होता 'टाइम्ड आउट' आलं, तर आधी फायरवॉल बघा. 'एचबीए' फाइलमध्ये नोंद नसल्याची तक्रार आली, तर आनंद माना, दारापर्यंत पोचलात. तिथे १९२.१६८.१.०/२४ अशी आपल्या नेटवर्कची ओळ घाला. यासाठी मात्र रीलोड पुरतं.

घराबाहेरून जोडायचंय? राउटरवरचा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेल्या आयपीच्या, मागे आहात. तिथे राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून उपयोग नाही. आणि पब्लिक आयपी असला तरी कळकळीने सांगतो, ५४३२ पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका. वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन बसवा, आणि डेटाबेसला त्याच्या बोगद्यातूनच जोडा.